डोमेन कोणाच्या नावावर आहे? छोट्या व्यावसायिकांनी या चुका टाळाव्यात

मुंबईत दुकानासाठी गाळा पाहायला गेलेला माणूस जागा पागडीची आहे की मालकीची, भाडेपावती कोणाच्या नावावर फाटते आणि वीजबिलावर कोणाचे नाव आहे, हे विचारल्याशिवाय बयाण्याची रक्कम हातावर ठेवत नाही. तोच माणूस व्यवसायाचे संकेतस्थळ काढताना त्याच्या इंटरनेटवरील नावाबाबत, म्हणजे डोमेनबाबत, मात्र ‘डोमेनचं तेवढं तूच बघून घे’ असे भाच्याला किंवा वेबसाइट बनवणाऱ्या मुलाला सांगून मोकळा होतो. दादर, गिरगाव आणि भांडुप या भागांतील काही छोट्या व्यावसायिकांची संकेतस्थळे सांभाळताना माझ्याकडे ज्या तक्रारी आल्या, त्यांतील बहुतेकांचे मूळ या एका वाक्यात सापडले. होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी सर्व्हरवर (कायम चालू असणाऱ्या संगणकावर) भाड्याने घेतलेली जागा, वाईट निघाले तर ते दोन-चार दिवसांत बदलता येते. डोमेन हातचे गेले तर पाटी, खोकी, बिलबुके आणि गिऱ्हाइकांची सवय असे सगळेच बदलावे लागते. तरीही लोक होस्टिंगच्या जाहिरातींची तुलना करण्यात आठवडा घालवतात आणि डोमेनची नोंदणी पाच मिनिटांत उरकतात.

नाव ठरवताना

नाव निवडण्याची एक साधी कसोटी आहे. संध्याकाळी दादरहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उभे राहून ते नाव फोनवर एकदाच सांगावे आणि पलीकडच्या माणसाने ते बरोबर टाइप केले का, ते पाहावे. मराठी नावे रोमन लिपीत लिहिताना ‘श्री’च्या शेवटी आय की दोन ई, ‘वडा’ व्हीने की डब्ल्यूने आणि ‘काळे’मधील ळ कसा दाखवायचा, अशा अडचणी येतातच. दोन रूपे सारखीच संभवत असतील तर दोन्ही घेऊन एक दुसऱ्याकडे वळवावे. वर्षाला होणारा जादा खर्च एका बऱ्या जेवणाइतका असतो. नावात जोडरेघ आणि आकडे टाळावेत, कारण ते तोंडी सांगता येत नाहीत. देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा विस्तार 2014 पासून उपलब्ध आहे आणि पाटीवर तो छान दिसतो, पण ईमेलसाठी तो अजून सगळीकडे बिनबोभाट चालत नाही. त्यामुळे तो सोबतीला घ्यावा, एकमेव पत्ता म्हणून नव्हे.

नाव मोकळे दिसले म्हणजे ते वापरण्याचा हक्क मिळाला, असेही नाही. ‘रेडिफ’ या संकेतस्थळाच्या नावाशी मिळतेजुळते ‘रॅडिफ’ हे डोमेन घेणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने 1999 सालीच मनाई केली होती, आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे या इंटरनेट कंपनीच्या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारी नावासारखे संरक्षण मिळते हे स्पष्ट केले. व्यापारचिन्हांची नोंदणी करणारे कार्यालय आपल्याच मुंबईत अँटॉप हिलला असले तरी, ते नाव कोणाचे व्यापारचिन्ह आहे का, याच्या शोधासाठी तिथे जावे लागत नाही. त्यांच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य करता येतो. खोकी छापायला देण्यापूर्वी अर्धा तास तिथे घालवावा.

नोंदणी दुसऱ्याच्या नावाने होऊ देणे

डोमेन विकत मिळत नाही, ते भाडेपट्ट्याने मिळते. डॉट कॉमची मुदत एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांची असते. डॉट कॉमची मूळ वही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, डॉट इनची वही निक्सी ही भारतीय संस्था सांभाळते, आणि आपण ज्याला पैसे देतो तो रजिस्ट्रार त्या वहीत आपली नोंद करणारा दलाल असतो. त्या नोंदीतील ‘रजिस्ट्रंट’ या रकान्यात ज्याचे नाव असते तोच हक्कदार मानला जातो. पैसे कोणी भरले, दुकान कोणाचे आहे, हे ती वही विचारत नाही.

गिरगावातील एका फराळवाल्या काकूंची गोष्ट सांगतो. त्यांची निम्मी विक्री परदेशी पार्सलांची, म्हणजे ऑर्डरी सप्टेंबरपासून सुरू. चकलीच्या प्रत्येक खोक्यावर हळदीकुंकवाच्या रंगांत छापलेला संकेतस्थळाचा पत्ता आणि अशी काही हजार खोकी माळ्यावर रचलेली. गणपतीचे विसर्जन होऊन चार दिवस झाले आणि संकेतस्थळाच्या जागी कसल्याशा जाहिरातींचे पान दिसू लागले. चौकशी केली तेव्हा कळले की डोमेन वेबसाइट बनवणाऱ्या मुलाच्या नावावर होते, मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात होत्या, आणि तो मुलगा नोकरीनिमित्त शहर सोडून गेला होता. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्याने आपल्या खात्यात डोमेन घेतले ते सोयीपुरते. सुदैवाने एका ओळखीच्या माणसाकडून त्याचा नवा नंबर मिळाला, मुदतीनंतरच्या सवलतीचे दिवस अजून शिल्लक होते, आणि नेहमीच्या दरातच नूतनीकरण झाले. पण त्या अकरा दिवसांत किती ऑर्डरी परत फिरल्या, हे कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून रजिस्ट्रारकडील खाते मालकाच्या नावाने, मालकाच्या मोबाइलवर ओटीपी येईल अशा रीतीने उघडावे आणि बिल व्यवसायाच्या नावाने, जीएसटी क्रमांक असल्यास त्यासह घ्यावे. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा कधीही ठेवू नये. डोमेन बंद पडले की त्यावरचे ईमेलही बंद पडतात, आणि नूतनीकरणाची सूचना नेमकी त्याच बंद पेटीत जाऊन पडते. किल्ली आत ठेवून दार ओढून घेण्यासारखाच हा प्रकार आहे. नोंदणीनंतर ईमेल पडताळणीचा संदेश येतो, त्यातील दुवा 15 दिवसांत दाबला नाही तर डॉट कॉम डोमेन तात्पुरते थांबवले जाऊ शकते. ‘नवीन वेबसाइट दोन-तीन आठवड्यांतच बंद पडली’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

मुदत संपण्याबाबतचे गैरसमज

‘ऑटो-रिन्यू (आपोआप नूतनीकरण) चालू आहे’ या वाक्यावर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती देयकांचे नियम ऑक्टोबर 2021 पासून काटेकोरपणे लागू झाल्यावर, कार्डावर रीतसर ई-मॅन्डेट (रक्कम आपोआप कापण्याची आगाऊ परवानगी) नोंदवलेले नसेल तर बँक अशी रक्कम आपोआप कापू देत नाही. विदेशी रजिस्ट्रारकडे खाते असेल तर हा अनुभव हमखास येतो. पडद्यावर हिरवे बटण चालू दिसते आणि प्रत्यक्षात पैसे जात नाहीत. त्यापेक्षा तीन ते पाच वर्षांची रक्कम एकदम भरावी आणि मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख घरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी.

डॉट कॉमची मुदत संपली म्हणून नाव लगेच दुसऱ्याला मिळते असे नाही. रजिस्ट्रार 45 दिवसांपर्यंत सवलतीचा काळ देऊ शकतो, त्यानंतर 30 दिवस दंड भरून नाव सोडवता येते आणि पुढच्या 5 दिवसांनी ते सर्वांसाठी खुले होते. मात्र 45 दिवस ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. काही रजिस्ट्रार याच काळात चांगली नावे लिलावात काढतात, आणि सोडवणुकीचा दंड मूळ दराच्या कित्येक पट असतो. दुसरीकडे, मुदत जवळ आली की अनोळखी कंपनीकडून बिलासारखा दिसणारा ईमेल किंवा फोन येतो. ज्याच्याकडे नोंदणी केली, त्याच्या खात्यात स्वतः प्रवेश करून तारीख पाहिल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत.

होस्टिंग घेताना

होस्टिंगच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत दिसतो तो पहिल्या मुदतीचा दर. नूतनीकरणाचा दर बारीक अक्षरांत असतो आणि 18 टक्के जीएसटी त्याहून बारीक. तुलना करायचीच असेल तर पाच वर्षांच्या एकूण खर्चाची करावी. ‘अमर्याद’ या शब्दाला तर काहीच अर्थ नाही. जागा अमर्याद असली तरी फाइलींच्या संख्येला आणि प्रोसेसरच्या वापराला मर्यादा असते आणि ती अटींच्या पानावर लिहिलेली असते. सर्व्हरवर साठलेला प्रत्येक ईमेलदेखील एक फाइल म्हणून मोजला जातो, त्यामुळे जागा रिकामी असूनही ‘कोटा संपला’ असा संदेश येतो आणि मालक चक्रावतो.

चार-पाच पानांचे संकेतस्थळ आणि एक चौकशीचा फॉर्म एवढीच गरज असेल तर साधे शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे) पुरते. व्हीपीएस (स्वतःच सांभाळायचा वेगळा आभासी सर्व्हर) घेऊन ते सांभाळायला माणूस नसणे ही त्याहून मोठी अडचण ठरते. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचे असेल तर सर्व्हर भारतात असावा. अमेरिकेतील सर्व्हरकडे संदेश जाऊन परत यायला साधारण 200 मिलिसेकंद किंवा अधिक लागतात आणि एक पान उघडताना अशा बऱ्याच खेपा होतात. अ‍ॅमेझॉनची 2016 पासून आणि गुगलची 2017 पासून मुंबईत क्लाउड केंद्रे आहेत, आणि पुष्कळ होस्टिंग कंपन्या भारतातील सर्व्हरचा पर्याय देतात. तो नोंदणीच्या वेळी निवडावा लागतो, आपोआप मिळत नाही. संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मागितले तर कारण विचारावे, कारण लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे 90 दिवसांचे प्रमाणपत्र विनामूल्य असते आणि बरे होस्टिंग ते स्वतःच नूतन करते.

होस्टिंगबरोबर फुकट मिळणारे डोमेन शक्यतो घेऊ नये. डोमेन एकीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवले तर एकाशी बिनसल्यावर दुसरे सुटे राहते.

होस्टिंग बदलले आणि ईमेल बंद पडले

ही तक्रार इतक्यांदा येते की फोन उचलण्यापूर्वीच मला उत्तर ठाऊक असते. भांडुपच्या एका वर्कशॉपने शुक्रवारी संध्याकाळी होस्टिंग बदलले. शनिवारी संकेतस्थळ झकास चालू होते, म्हणून सगळे निर्धास्त राहिले. मंगळवारी एका जुन्या ग्राहकाने फोन करून विचारले, ‘पर्चेस ऑर्डर पाठवून तीन दिवस झाले, तुम्ही गप्प का?’

झाले होते ते असे. नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर) बदलले की जुन्या नेमसर्व्हरवरील सगळ्या नोंदी मागे राहतात. संकेतस्थळाचा पत्ता सांगणारी ‘ए’ नोंद नव्या ठिकाणी आपोआप तयार होते, पण ईमेल कोठे पोहोचवायचे हे सांगणारी ‘एमएक्स’ नोंद हाताने भरावी लागते. म्हणून बदल करण्यापूर्वी या नोंदी जिथे दिसतात त्या जुन्या डीएनएस पानाचा पूर्ण फोटो काढून ठेवावा. त्याहून सोपा मार्ग म्हणजे नेमसर्व्हरला हातच न लावता फक्त ‘ए’ नोंद बदलणे, आणि जुने होस्टिंग आणखी आठवडाभर चालू ठेवणे, कारण नवा पत्ता सगळीकडे पोहोचायला 48 तासांपर्यंत वेळ लागू शकतो. याच काळात दुकानाच्या वायफायवर जुने पान आणि मोबाइलवर नवे पान दिसले तर घाबरू नये.

बाहेरून येणारे ईमेल नीट मिळतात, पण आपल्याच संकेतस्थळाच्या फॉर्मवरून येणाऱ्या चौकश्या गायब होतात, असाही एक फसवा दोष आहे. ईमेल गुगलकडे असताना होस्टिंगचा सर्व्हर स्वतःलाच टपालघर समजतो आणि चौकशी स्वतःच्याच रिकाम्या पेटीत टाकतो. होस्टिंगच्या सी-पॅनेल या नियंत्रण-पानावर ‘ईमेल राउटिंग’ लोकल असते ते रिमोट केले की चौकश्या येऊ लागतात. पाठवलेले ईमेल स्पॅममध्ये जात असतील तर ईमेल खरोखर आपल्याच डोमेनकडून आले हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी तपासाव्यात. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल याबाबत कडक झाले आहे. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. नव्या सेवेसाठी दुसरी ओळ जोडली की दोन्ही निकामी होतात, म्हणून त्या एकत्र कराव्या लागतात.

डोमेन आधीच दुसऱ्याच्या खात्यात असेल तर

प्रथम हूइज (डोमेनच्या नोंदी सर्वांना दाखवणाऱ्या सेवेच्या) शोधात रजिस्ट्रार आणि मुदत पाहावी. डॉट कॉमसारख्या डोमेनमध्ये मालकाचे नाव बहुधा झाकलेले असते, म्हणून ज्याने नोंदणी केली त्याच्याकडूनच खात्याचा फोटो मागावा. एकाच रजिस्ट्रारकडे मालकाचे नवे खाते उघडले तर डोमेन एका खात्यातून दुसऱ्या खात्यात विनामूल्य सरकवता येते, आणि हा मार्ग सर्वांत कमी कटकटीचा असतो. मात्र खाते बदलले म्हणून ‘रजिस्ट्रंट’चे नाव आपोआप बदलत नाही, ते वेगळे तपासावे. रजिस्ट्रारच बदलायचा असेल तर डोमेनवरचे हस्तांतरबंदीचे कुलूप काढून हस्तांतराचा कोड घ्यावा लागतो, आणि नोंदणीनंतरच्या पहिल्या 60 दिवसांत डॉट कॉमचे असे हस्तांतर सहसा होत नाही.

संबंध गोड असतानाच हे सगळे मागावे. वेबसाइटचा शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, बनवणाऱ्याला शेजारी बसवून, मालकाने स्वतःच्या मोबाइलवरून डोमेनच्या आणि होस्टिंगच्या खात्यांत प्रवेश करावा, दोन्ही पासवर्ड बदलावेत आणि मगच चेकवर सही करावी.