वॉल काढून फेकू नका

मे महिन्यात ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना भेरूघाटाच्या चढावर आमच्या 1998 च्या मारुती 800 चा तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. गाडी सावलीत घेतली, बॉनेट उघडलं, आणि तासभर रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. तापलेलं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक म्हणाला, "वॉल निकाल देते हैं, यहां की गर्मी में क्या काम?" वॉल म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन तापलं की उघडून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, रेडिएटरकडे सोडणारी झडप. हे ऐकू नका. तो काढला की इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

आधी तो तपासा. इंजिन पूर्ण गार झालं की खाली तसराळं ठेवून कूलंट काढा. रेडिएटरचा वरचा पाइप इंजिनाला मिळतो तिथली टोपी खोला. वॉलची चकती दाबून फटीत दोरा अडकवा आणि तो पातेल्यातल्या पाण्यात लटकवून पाणी तापवा. बुडाला टेकू देऊ नका. पातेलं जुनं घ्या, ते परत स्वयंपाकात नको. शेजारी थर्मामीटर ठेवा. वॉल उघडला की दोरा सुटतो आणि तो टपकन खाली पडतो. आमच्या वॉलवर 82 कोरलं होतं, म्हणजे साधारण त्याच अंशाला पडायला हवा. पण आमचा पाणी खळखळा उकळलं तरी लटकूनच, म्हणजे वॉल बिघडलेला! इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, इथे पाणी 98 च्या आसपास उकळतं. तरी परीक्षेला तेवढं पुरतं.

नवा बसवताना जुनं गॅसकेट (सांध्यातलं पातळ पॅकिंग) खरवडून जागा स्वच्छ करा. हवा सोडणारी बारीक पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा.

हात काळे झालेच आहेत तर पाइपही दाबून पाहा. टोकाशी फुगलेला किंवा कडक होऊन तडकलेला असेल तर क्लिपसकट बदला. रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलं असेल तर दाब टिकत नाही. नवं झाकण घेताना जुन्यावरचा दाबाचा आकडाच मागा. कूलंट फिरवणाऱ्या पंपाखाली ओल दिसली किंवा बेअरिंग घरघरलं, तर पंप बदलायला झाला.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. बोअरिंगचं पाणी अजिबात नको, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतो. काढलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

झाकण उघडं ठेवून, हीटर असेल तर फुल गरमवर करून इंजिन चालू करा. बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरा, मग झाकण लावा आणि पंखा आपोआप सुरू होतो का ते पाहा. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी, गाडी गार असताना, लेव्हल बघत राहा.