पांढुरका डाग: शिबं की बधिर चट्टा?

सोलापूरच्या उन्हाळ्यात, त्यातून यंत्रमागावर घामेजून काम करणाऱ्यांच्या पाठी-छातीवर पांढुरके डाग दिसले, तर नखाने हलकेच खरवडा. बारीक कोंडा निघाला तर बहुधा शिबंच, म्हणजे बुरशी. २ टक्के कीटोकोनाझोल शाम्पू ओल्या अंगावर ५ मिनिटं ठेवून धुवा, सलग ५ दिवस. रंग परतायला महिने लागतात. औषध लागू पडलं नाही असं समजून स्टेरॉइडचं मलम मात्र चोपडू नका, बुरशी फोफावते.

कोंडा नाही, घाम नाही, खाज नाही? डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक डागावर टेकवा, मग शेजारच्या चांगल्या कातडीवर. स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगा. डागावर कळलंच नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं, ६ किंवा १२ महिने. चेहऱ्यावर मात्र कापसाची ही चाचणी फसवी ठरू शकते, कुष्ठरोग असूनही तिथे स्पर्श कळू शकतो.