गुडघ्याची गादी अन् गुलाबी प्लेट: कार्टिलेजवर प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी थोडं

आमच्या रावेर-यावलकडे केळीच्या बागेत जन्म काढलेल्या बाया पन्नाशीतच गुडघा धरून उठतात अन् म्हणतात वाटी घासली. माझी आजी त्यातलीच. एमएस्सी बायोकेमिस्ट्री करून जळगावला प्रोजेक्टवर लागलो अन् घरी सांगितलं की गुडघ्याच्या गादीवर काम करतोय, तर ती म्हणे, मंग औषध कधी आणशीन?

विषय असा होता की सूज असताना नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू माणसाच्या कार्टिलेजच्या, म्हणजे गादीच्या, पेशींचं काय वाटोळं करतं. थोडक्यात सांगतो. सांध्यात सूज आली की आयएल-1 बीटा अन् टीएनएफ-अल्फा हे सुजेचा निरोप देणारे प्रोटीन वाढतात, त्यांच्यामुळे पेशीत आयनॉस नावाचं एन्झाइम तयार होतं अन् ते आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तासन् तास, कधी कधी दिवसेंदिवस हा वायू काढत बसतं. तो मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीच्या वीजघराचं, काम अडवतो, म्हणजे एटीपी (पेशीचं इंधन) कमी, अन् कोलॅजन-2 अन् अ‍ॅग्रिकन, म्हणजे गादीचा खरा माल, बनणं मंदावतं. त्यात सुपरऑक्साइडची (ऑक्सिजनचं एक तिखट रूप) गाठ पडली की पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी जहाल रसायन होतं, ते डीएनए-प्रोटीन सगळ्याची नासाडी करतं. कार्टिलेजला रक्तवाहिन्याच नाहीत अन् पेशी फारशा वाढत नाहीत, त्यामुळे मेलेली पेशी भरून येत नाही.

आता कामाचं. टिश्यू येतो गुडघा बदलायच्या ऑपरेशनमधून, एथिक्सची परवानगी अन् पेशंटची सही आधी घ्या, दोन-तीन महिने त्यातच जातात. पातळ काप करून रात्रभर कोलॅजनेझमध्ये, म्हणजे कोलॅजन तोडणाऱ्या एन्झाइममध्ये, ठेवायचे. पेशी निघाल्या की लगेच वापरा, पहिल्या पॅसेजच्या (पेशी काढून नव्या भांड्यात वाढवायची एक फेरी) पुढे ओढू नका, प्लास्टिकला चिकटून लांबुळक्या होतात अन् कार्टिलेजपणाच विसरतात. हे मला तिसऱ्या पॅसेजला कळलं, सहा आठवडे पाण्यात.

नायट्रिक ऑक्साइड टिकत नाही म्हणून त्याचं नायट्राइट मोजतो, ग्रीस रिएजंट हे रंग देणारं केमिकल प्लेटच्या खळग्यांत टाकलं की गुलाबी होतं, 540 नॅनोमीटरला रीडिंग. शेजारच्या टेबलावर उंदराच्या मॅक्रोफेजची (जंतू गिळणाऱ्या पेशी) प्लेट गडद गुलाबी अन् माझी जेमतेम फिक्की, मी रडकुंडीला आलो होतो. पण माणसाच्या पेशी मुळातच कमी काढतात, घाबरू नका, सोडियम नायट्राइटचा स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांचा तुलनेचा आलेख, नीट काढा, खालच्या टोकाला जास्त पॉइंट घ्या.

सगळ्यात मोठी चूक मात्र सोडियम नायट्रोप्रुसाइडची. नायट्रिक ऑक्साइड देणारं स्वस्त केमिकल म्हणून टाकलं, पेशी भराभर मेल्या, मी खूश, गाईडला स्लाइड पण दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, वायू उडून गेलेलं जुनं सोल्युशन टाकून पाहिलं का? पाहिलं. तरीही पेशी मेल्या! कारण त्यातून सायनाइड अन् लोखंडही सुटतं. म्हणून नायट्रिक ऑक्साइड देणारं दुसऱ्या प्रकारचं केमिकल (डोनर) अन् आयनॉस अडवणारं 1400डब्ल्यू नावाचं केमिकल, दोन्ही कंट्रोल ठेवल्याशिवाय मेलेल्या पेशीचा आळ नायट्रिक ऑक्साइडवर घेऊ नका.

अन् हो, आपल्याकडचं खास. पेशी 37 डिग्रीला ठेवायचा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही भो. मे महिन्यात बाहेर 44-45 डिग्री, एसी गेला की 37 वरचा आकडा सरळ 40 कडे सरकतो अन् तुम्हाला वाटतं औषधाने पेशी मेल्या. एसीसाठी यूपीएस आधी मागा, पिपेट नंतर. एक थर्मामीटर आत ठेवाच.

गुडघ्यासाठी आयनॉस अडवणाऱ्या गोळीची दोन वर्षांची ट्रायल होऊन गेलीय, गादीची झीज काही मंदावली नाही. आजीला हे सांगितलं तर तिने निर्गुडीचा पाला बांधलेला गुडघा दाबत विचारलं, मंग तुझं ते गुलाबी पाणी कोणाच्या कामाचं?