कोंबडीचा पाय सुजलाय? ब्लेडला हात लावू नका

तळव्यावर काळी खपली दिसली की ब्लेडने ती उडवायची आणि गाठ दाबायची, या घाईनेच घरच्या कोंबड्यांचे पाय जातात. माणसाच्या फोडातून पू वाहतो, कोंबडीच्या गाठीतून वाहत नाही. तिचा पू घट्ट, खव्याच्या गोळीसारखा असतो. दाबला की तो आत कंडरेकडे आणि सांध्याकडे सरकतो.

पुढचं ठरलेलं असतं. जखमेत हळद कोंबतात, चिंधी करकचून बांधतात आणि कोंबडी पुन्हा उकिरड्यावर सोडतात. काही दिवसांत बोटांमधली जागा फुगते, पाय गरम लागतो, कोंबडी एका पायावर उभी राहते आणि दाणे टाकले तरी येत नाही. जंतू हाडापर्यंत पोचल्यावर डॉक्टरांनाही फार काही करता येत नाही.

खपली लहान आहे, सूज नाही, लंगडत नाही, तर घरी करा. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे) टाका, पाय पंधरा मिनिटं बुडवा. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. पाय पूर्ण कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा, वर गॉज आणि सैलसर पट्टी. बोटं सुजली किंवा थंड पडली तर पट्टी घट्ट झाली आहे. पट्टी रोज बदला, हातमोजे घालूनच. या गाठीत बहुधा स्टॅफिलोकोकस जंतू असतात, ते आपल्या जखमेतही शिरतात.

हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, नवी कातडी जळते.

दुसरी चूक म्हणजे पाय बरा करायचा आणि खुराडं तसंच ठेवायचं. आपल्याकडे पऱ्हाटीच्या कुंपणाची टोकं, ज्वारीची धसकटं, बाभळीचे काटे अंगणभर असतात. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटून तळवा दिवसभर ओला राहतो, आणि मऊ पडलेल्या कातडीत काटा सहज जातो. गिरिराजासारखी जड कोंबडी उंचावरून फरशीवर उडी मारते तेव्हाही तळव्याला मार बसतो. बसायची दांडी दीड फुटाच्या आत ठेवा, दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेली. खाली तीन-चार इंच कोरडा भुसा किंवा तूस हवं. ओला झालेला भाग त्याच दिवशी काढा. आठवड्याला एकदा सगळ्यांचे तळवे उलटे करून बघा. एवढा वेळ नसेल तर कोंबड्या पाळू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायावरचे खवले उचलले गेले, पांढरट खरबरीत झाले, तर तो खरजेचा किडा. त्यावर रॉकेल किंवा जळकं ऑइल चोपडणं थांबवा, कातडी भाजते. कोमट साबणपाण्याने मऊ ब्रशने धुवा, खवले ओढू नका, मग व्हॅसलीन. दर दोन-तीन दिवसांनी, किमान तीन आठवडे, सगळ्या कोंबड्यांना. दांडीच्या फटीही साफ करा.

पाय सुजलेला दिसला की कोंबडीच्या बोटाला सुतळी किंवा केस गुंडाळलेले आहेत का, हे आधी पाहा.

मेडिकलमधून माणसांची कॅप्सूल आणून अर्धी-अर्धी देऊ नका. गाठ मोठी असेल, लंगडत असेल, सूज वर चढत असेल, तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे तिथेच विचारून घ्या.