तिकीट लावून लाइव्ह बैठक: व्हिडिओ सोपा, कुलूप अवघड

आमच्या गाण्याच्या बैठका आम्ही स्वतःच्या साइटवर तिकीट लावून दाखवतो, त्याची सगळी जुळणी लिहितोय. थोडंफार लिनक्स आणि पीएचपी किंवा नोड येत असेल तर दोन-तीन रविवारांचं काम आहे.

हॉलवर लॅपटॉप, त्यात ओबीएस, म्हणजे कॅमेरा आणि आवाज एकत्र करून लाइव्ह पाठवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. आवाज मिक्सरमधून थेट घ्या, कॅमेऱ्याच्या माइकवर तबला पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. ओबीएसमधून आरटीएमपीने (लाइव्ह व्हिडिओ पाठवायची एक पद्धत) आपल्या सर्व्हरवर पाठवायचं, तिथे एनजिनएक्स या वेब सर्व्हरला आरटीएमपी मॉड्यूल लावलेलं, पोर्ट १९३५. ते एचएलएस करतं, म्हणजे व्हिडिओचे चार-चार सेकंदांचे तुकडे पाडतं आणि तुकड्यांच्या यादीची एक फाइल सारखी बदलत राहतं. ओबीएसमध्ये कीफ्रेम इंटरव्हल (किती सेकंदांनी एक पूर्ण चित्र पाठवायचं, तुकडा तिथेच पाडता येतो) २ सेकंद करा, ऑटोवर सोडलात तर तुकडे लहानमोठे पडतात. पेजवर हे तुकडे वाजवायला एचएलएस डॉट जेएस ही लायब्ररी, आयफोनच्या सफारीला त्याचीही गरज नाही. प्रेक्षकाला १५-२० सेकंद उशिरा दिसतं पण बैठकीत कुणाला घाई असते, प्रश्नोत्तरांचा क्लास घ्यायचा असेल तर वेबआरटीसी बघा, त्यात उशीर जवळजवळ नसतो, पण ते वेगळंच प्रकरण आहे.

डेटाचा हिशोब आधी करा. ७२०पी साधारण २.५ एमबीपीएस धरा, म्हणजे एका माणसाला तासाला सव्वा जीबीच्या जरा आत. २०० जण, दोन तास, ४५० जीबी, आणि एकाच वेळी ५०० एमबीपीएस बाहेर जाणार, सर्व्हरवाल्याला हे आधी विचारा नाहीतर पुढे सीडीएन लावा, म्हणजे आपल्या वतीने तुकडे वाटणारे दुसऱ्या कंपनीचे सर्व्हर. हॉलच्या वायफायवर विसंबू नका, आपला डोंगल न्या.

तिकिटाचे पैसे घ्यायला रेझरपे, ही ऑनलाइन पेमेंटची सेवा. तिला रक्कम रुपयांत नाही, पैशांत सांगायची असते, मी पहिल्यांदा ३०० लिहिलं आणि तिकीट तीन रुपयांना गेलं, सात जणांनी घेतलंसुद्धा, कुणी चकार शब्द काढला नाही. दुसरं म्हणजे मोबाइलवर माणूस यूपीआय ॲपमध्ये जातो, पैसे भरतो आणि ब्राउझरमध्ये परत येतच नाही, म्हणून तिकीट ‘थँक यू’ पेजवर नाही, वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचा रेझरपेने थेट आपल्या सर्व्हरला पाठवलेला निरोप, आल्यावर द्यायचं. निरोप खरंच रेझरपेचा आहे ना हे बघायला वेबहुकची सही एचएमएसी शा-२५६ ने तपासा, आणि तोच वेबहुक दोनदाही येतो, तेव्हा पेमेंट आयडी डेटाबेसमध्ये युनिक ठेवा. अमेरिकेतले नातेवाईक बघणार असतील तर इंटरनॅशनल कार्डं आधीच चालू करून घ्या.

आता कुलूप. बहुतेक जण पेजला लॉगिन लावतात आणि खूश होतात, पण एफ-१२ दाबलं की यादीच्या फाइलचा पत्ता दिसतो, तो कुणीही व्हीएलसी प्लेयरमध्ये टाकून बघू शकतो. आमच्या पहिल्या बैठकीला तिकिटं ४० आणि बघणारे ११०, पत्ता कुठल्याशा फॅमिली ग्रुपवर फिरला होता. म्हणून कुलूप पेजला नाही, तुकड्यांना लावायचं. एनजिनएक्समध्ये तुकड्यांच्या फोल्डरवर ऑथ रिक्वेस्ट लावा, मग प्रत्येक तुकडा देण्याआधी तो आपल्या कोडला विचारतो, कोड कुकी (लॉगिनच्या वेळी ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) बघून रेडिस या झटपट डेटाबेसमध्ये त्या माणसाचं चालू लॉगिन, म्हणजे सेशन, शोधतो, असेल तर २०० (दे), नसेल तर ४०३ (देऊ नको). पेज आणि तुकडे एकाच डोमेनवर ठेवा नाहीतर कुकी पोचत नाही आणि अर्धा दिवस त्यात जातो. (सीडीएन लावलात तर हीच तपासणी तिकडे, साइन्ड कुकीने, म्हणजे आपण सही केलेल्या कुकीने.) एका तिकिटावर एकच सेशन, आणि नवीन येईल तो जिंकतो, जुना बाद. उलटं केलंत तर फोनवर बघता बघता टीव्हीवर लावायला गेलेले काका अडकतात आणि तुम्हाला फोन करतात. स्क्रीन रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या मागे लागू नका, ते थांबत नाही.

अजून एक, आवाजासकट आपोआप सुरू होणारा व्हिडिओ ब्राउझर अडवतात. आम्ही म्यूट करून सुरू केला होता आणि पहिल्या दहा मिनिटांत सगळे फोन ‘आवाज येत नाहीये’ चे. आता मध्यभागी भलंमोठं बटण आहे, त्यावर लिहिलंय ‘इथे दाबा, गाणं सुरू होईल’.