जुन्या कायद्यावर बोट ठेवताना या चुका टाळा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाला आपल्या घटनेत, म्हणजे मंडळाच्या नियमावलीत, बदल करायचा होता. कुणीतरी नेटवर मराठीत शोधलं, कलम सापडलं, अर्ज टाइप झाला. सरकारी कचेरीत खिडकीपलीकडच्या कारकुनाने दोन पानं उलटली आणि कागद परत सरकवला. "आ तो महाराष्ट्रनो कायदो छे, काका."

चूक आमचीच होती, आणि बडोद्यातला मराठी माणूस ती हटकून करतो. 1 मे 1949 ला बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि मुंबईचे कायदे इथे लागू झाले. 1 मे 1960 ला राज्याचे दोन भाग झाले तरी कायदे जागेवरच राहिले. त्या दिवसापासून दोन्ही विधानसभा आपापल्या प्रतीत फेरफार करू लागल्या, इतकंच. 1949 चा दारूबंदीचा कायदाच घ्या. मूळ एकच, पण पुण्यात परमिट रूम आणि इथे पोलीस ठाणं! पुढे 2011 साली गुजरातने एक कायदा करून शीर्षकांतलं 'मुंबई' काढलं आणि 'गुजरात' घातलं. साल तेच ठेवलं. त्यामुळे सार्वजनिक न्यासांचा 1950 चा बॉम्बे पब्लिक ट्रस्ट्स अ‍ॅक्ट आता गुजरातच्या नावाने ओळखला जातो. मंडळाच्या जुन्या दाखल्यावर 'बॉम्बे' दिसलं म्हणून कायदा गेला असं समजू नका. मराठीत सापडणारी प्रत बहुधा महाराष्ट्राची असते. गुजराती राजपत्र काढा. वाचायला आपल्याला काय अवघड आहे?

गायकवाडीचे, म्हणजे संस्थानी काळच्या कायद्यांचे, दाखले देणारे आजोबा प्रत्येक मंडळात असतात. 1906 चं सक्तीचं शिक्षण, 1931 चा हिंदू घटस्फोटाचा कायदा. ऐकताना छाती फुगते, पण अर्जात त्यांचा उपयोग नाही.

दुसरी चूक म्हणजे 'हा कायदा आता कोण पाळतं?' असं म्हणून तो मेलाच असं धरणं. संविधानाच्या अनुच्छेद 372 मुळे जुने कायदे सक्षम विधिमंडळाने बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत चालू राहतात. पुण्याच्या जकातीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली वापराअभावी कायदा निष्प्रभ होऊ शकतो हे मान्य केलं. मात्र त्यासाठी दीर्घकाळ न वापरणं आणि त्याच्या उलट प्रथा रुळणं, दोन्ही दाखवावं लागतं. नुसतं 'कुणी विचारत नाही' पुरत नाही.

याच्या उलट चूकही होते. कायदा रद्द झाला की सगळं पुसलं गेलं, असं लोक धरून चालतात. 1948 च्या दुकाने कायद्याच्या जागी गुजरातने 2019 साली नवा कायदा आणला, तेव्हा 'जुनी केस आपोआप गेली' असं छातीठोक सांगणारे व्यापारी भेटले. तसं नसतं. नव्या कायद्याच्या शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' (काय रद्द झालं आणि काय राखलं) नावाचं कलम असतं, ते आधी वाचा. तिथे वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टप्रमाणे, म्हणजे सगळ्या कायद्यांना लागू असलेल्या सर्वसाधारण नियमांच्या कायद्याप्रमाणे, जुनी देणी, दंड आणि चालू खटले टिकतात. आणखी एक गंमत म्हणजे रद्द झालेल्या कायद्यांच्या यादीत पुष्कळदा नुसते सुधारणा अधिनियमच असतात. त्यांनी केलेले बदल मूळ कायद्यात केव्हाच मुरलेले असतात, म्हणून सुधारणा अधिनियम रद्द झाला तरी बदल तसाच राहतो. यादी पाहून घाबरण्याचं कारण नाही.

शेवटची चूक चुकीच्या दारात जाण्याची. कोठीत, म्हणजे कलेक्टर कचेरीत, कलेक्टरसाहेबांना निवेदन द्यायचं आणि फोटो काढायचा! कलेक्टर किंवा महापालिका विधानसभेचा कायदा रद्द करू शकत नाही. तो ज्या खात्याचा असतो ते खातं गांधीनगरात प्रस्ताव मांडतं. मग विधी विभागाकडून मसुदा, मंत्रिमंडळ, विधानसभा, राज्यपालांची संमती आणि राजपत्र. विषय केंद्राच्या सूचीतला असेल तर गांधीनगरलाही हात लावता येत नाही.

खात्याला लिहिताना 'कालबाह्य कायदा रद्द करा' एवढ्यावर थांबू नका. कलम कोणतं, त्याने नेमकं कुठे अडतं आणि त्यातलं काय राखायचं, हे तिन्ही लिहा. राजपत्राची प्रत जोडा. गुजरातच्या.