अंगावरून वारं गेल्यावर घरच्यांनी टाळायच्या चुका

स्ट्रोकचा पेशंट दवाखान्यातून घरी आला की सगळं घर त्याच्या दिमतीला उभं राहतं. सून घास भरवते, मुलगा शर्ट चढवतो. "तुम्ही नका उठू बाबा, मी आहे ना." ही माया खरी असते, आणि नेमकी तीच आड येते. जेवण, अंघोळ, कपडे, संडास, स्वयंपाक ही रोजची कामं पेशंटला पुन्हा स्वतः करता यावीत, यावर ऑक्युपेशनल थेरपीचा सगळा भर असतो. ती कामं दुसऱ्यांनीच उरकली तर मेंदूला सराव मिळायचा कुठून? दुबळा हात न वापरण्याची सवय एकदा लागली, की पुढे त्यात थोडी ताकद आली तरी तो तसाच पडून राहतो.

म्हणून काम काढून घेऊ नका, वाटून घ्या. शर्टाची बाकी बटणं तुम्ही लावा, शेवटचं त्यांना लावू द्या. जमलं की शेवटची दोन. बाहीत दुबळा हात आधी घालायचा, काढताना तो शेवटी काढायचा. वेळ लागेल, तो लागू द्या.

दिवसभर चेंडू दाबणं
हे जवळजवळ प्रत्येक घरात दिसतं. स्ट्रोकनंतर बऱ्याच जणांची बोटं आपोआप मिटून ताठरतात. त्यांना अडचण मूठ मिटण्याची नसते, उघडण्याची असते. चेंडू दाबून मिटण्याचाच सराव होतो. त्यापेक्षा वाटी उचलून दुसरीकडे ठेवणं, टेबलावर फडकं पुढे सरकवत नेणं असं काही द्या. बोटं अजिबात हलत नसतील तर तोच हात वही दाबून धरायला टेबलावर ठेवा. नेमकं काय द्यायचं ते थेरपिस्टला विचारून ठरवा.

हाताला धरून ओढणं
खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू सैल पडलेले असतात. दंडाला किंवा काखेत धरून ओढलं की सांधा निसटतो आणि खांदा महिनोन् महिने ठणकतो. पेशंटला पलंगाच्या कडेला सरकवा, पाय थोडे मागे घ्यायला लावा, पुढे वाकू द्या आणि आधार कमरेला द्या. बसलेले असताना हात लोंबकळू देऊ नका, खाली उशी ठेवा.

"नखरे करतात" म्हणणं
मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली तर काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, पण डावीकडचं जगच हिशेबातून सुटतं. आपल्या ताटात चटणी, कोशिंबीर, लिंबू डावीकडे. आजोबा भाजी-आमटी संपवतात आणि कोशिंबीर वाढलीच नाही म्हणून चिडतात. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. दाढीही अर्धीच होते, चालताना डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटतो. ताट फिरवून देऊन भागत नाही, नजर तिकडे वळवायला शिकवावी लागते. ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवा, ती दिसेपर्यंत मान वळवायला सांगा. गप्पा मारायलाही डावीकडे बसा.

न्हाणीघर तसंच ठेवणं
टॉवेलचा रॉड आधाराचा नव्हे, वजन पडलं की भिंतीतून निघून येतो. आधाराचा दांडा वेगळा, पक्का बसवून घ्या. पाटाऐवजी रुंद पायांची, न घसरणारी खुर्ची आणा. पाणी चांगल्या हातानेच तपासायचं, कारण दुबळ्या हाताला चटका कळेलच असं नाही.

स्वयंपाकघरात फार खर्च नाही. पोळपाटाखाली ओलं फडकं, चमच्याच्या दांड्यावर एसीच्या पाइपचा फोम. एका हाताने कांदा चिरायचा तर फळीला खालून दोन स्टीलचे खिळे ठोका आणि वर आलेल्या टोकांत कांदा रोवा.

"सहा महिने उलटले, आता काय व्हायचं" असं म्हणून थांबू नका. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं, पण काम करण्याची नवी पद्धत त्यानंतरही शिकता येते. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपीची सोय नवी नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट कमला निंबकरांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं शिक्षण सुरू केलं. थेरपिस्टच्या पहिल्या भेटीला जाताना न्हाणीघर, संडास आणि पलंगाचे फोटो मोबाइलवर घ्या, उंबरठ्याची उंची मोजून न्या, आणि पेशंटला स्वतःला आधी कुठलं काम जमायला हवंय ते त्यालाच विचारून ठेवा.